एमएस्सी झालं, बीएड झालं, आता नववीच्या वर्गात उभी राहून बोलू काय?

पत्र असं आहे:

"नमस्कार ताई, माझं फिजिक्समध्ये एमएस्सी झालंय, मग बीएड केलं, अभियोग्यता चाचणी दिली आणि पवित्र पोर्टलमधून एका अनुदानित शाळेत शिक्षण सेवक म्हणून लागलेय. तालुक्यापासून आत गाव आहे, एका तुकडीत साठ-पासष्ट मुलं. जूनमध्ये शाळा सुरू होईल. महिनाभर मी कॉलेजची जाड पुस्तकं परत काढून वाचतेय, प्रत्येक धड्याची पीपीटी बनवतेय, तरी रोज रात्री वाटतं काहीतरी राहिलंय. मुलांनी मला येत नाही असं काही विचारलं तर? हेडसर म्हणतात पोर्शन डिसेंबरला संपला पाहिजे. प्रयोगशाळा आहे, पण कपाट कित्येक वर्षं उघडलेलं नाही असं शिपाईकाका म्हणाले. आणि हेडसर विचारतायत की पहिल्या वर्षी नववी घेता की दहावी. काय सांगू? - घाबरलेली नवीन मॅडम"

अगं, आधी ती जाड पुस्तकं मिटून ठेव. खरंच सांगते. तुला नववी-दहावीला पुरेल एवढं फिजिक्स येतं, आणि जे थोडं गंजलं असेल ते शिकवता शिकवता परत येईल, त्यासाठी मे महिना घालवायची गरज नाही. रोज रात्री काहीतरी राहिलंय असं वाटतं ना, ते वाटणं बरोबर आहे, फक्त तू चुकीच्या जागी शोधतेयस. राहिलंय ते पुस्तकात नाही, मुलांच्या डोक्यात आहे.

म्हणजे बघ, नववीतलं पोर तुझ्याकडे कोरं येत नाही. त्याने चौदा वर्षं सायकल ढकललीय, विहिरीतून नाहीतर टाकीतून बादली ओढलीय, बैलगाडी बघितलीय, क्रिकेट खेळलंय, आणि या सगळ्यातून त्याने स्वतःचं एक फिजिक्स बनवलंय. त्या फिजिक्समध्ये ढकलणं थांबलं की वस्तू थांबते, जड वस्तू आधी पडते, बल्बमध्ये करंट "खर्च" होतो, अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं. हे काही येडेपणाने आलेलं नाही, रोजच्या अनुभवातून आलंय, आणि गती टिकवायला सतत जोर लागतो हे तर ॲरिस्टॉटलपासून गॅलिलिओ येईपर्यंत भल्याभल्यांना पटलेलं होतं. तू फळ्यावर न्यूटनचा पहिला नियम लिहिलास की पोरं तो वहीत उतरवून घेतात, पाठ करतात, परीक्षेत लिहितात, आणि त्यांचं जुनं फिजिक्स आत जसंच्या तसं बसून राहतं. दोन्ही एकमेकांना भेटतच नाहीत. तुझी तयारी म्हणजे या दोघांची भेट घालून द्यायची तयारी, बाकी सगळं नंतर.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. अमेरिकेत डेव्हिड हेस्टेनीस नावाच्या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बल आणि गतीवर अशी चाचणी बनवली की जिच्यात एकही गणित नाही, फक्त रोजच्या भाषेतले पर्यायवाले प्रश्न, आणि चुकीचे पर्याय मुद्दाम मुलं जे खरंच म्हणतात तेच घेतलेले. १९९२ साली आलेली ही चाचणी, पुढे थोडी सुधारून, आजही जगभर वापरतात. हार्वर्डमधल्या एरिक मझूर यांनी तसली चाचणी आपल्या विद्यार्थ्यांना दिली, तर एका मुलीने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे लिहू का मला वाटतं त्याप्रमाणे? हार्वर्डची मुलं हां ही, किचकट गणितं धडाधड सोडवणारी. मग आपल्या नववी ब ची काय कथा.

मझूर यांनी यावर जी पद्धत काढली ती साठ-पासष्टच्या वर्गात फुकटात चालते. प्रश्न फळ्यावर लिहायचा, चार पर्याय. अर्धा-एक मिनिट कोणी बोलायचं नाही. मग एक-दोन-तीन म्हटलं की सगळ्यांनी बोटं छातीशी धरून दाखवायची, पहिला पर्याय असेल तर एक बोट, दुसरा असेल तर दोन. छातीशी का, तर शेजारच्याचं बघून बोट बदलायचं नाही म्हणून (हात वर करायला सांगितलंस तर सगळा वर्ग पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीकडे बघतो, हे तुलाही माहितीये). साधारण तीस ते सत्तर टक्क्यांच्या मध्ये बरोबर असतील तर उत्तर सांगायचं नाही, म्हणायचं शेजाऱ्याला पटवून दे, दोन मिनिटं. गोंधळ होईल, होऊ दे, बाहेरून कोणी डोकावलं तर डोकावू दे. मग परत बोटं. बहुतेक वेळा बरोबरवाले वाढतात, कारण ज्याला आत्ताच कळलंय त्याला आठवत असतं की आपण कुठे अडकलो होतो, तुला ते आता आठवत नाही. त्याहून कमी बरोबर असतील तर थांबून परत समजाव, जास्त असतील तर पुढे जा, उगाच चघळत बसू नकोस.

पहिला प्रश्न मी देते, बाकीचे तू बनव. चेंडू सरळ वर फेकला, हातातून सुटलाय आणि वर चाललाय, हवेचा विरोध सोडून दे, त्याच्यावर कुठलं बल आहे? वर, खाली, दोन्ही, का कुठलंच नाही? बरीच पोरं म्हणतील वर, वर जातोय ना मॅडम. काही म्हणतील दोन्ही, वरचं जास्त आहे. आणि सगळ्यात वरच्या टोकाला काय, तर शून्य, थांबलाय ना. हे ऐकून तुझा जीव तिळतिळ तुटेल पण तोंड बंद ठेव. "चूक" म्हणू नकोस, "असं का वाटतं?" एवढंच विचार. मग कॅरम बोर्ड आण, शाळेत नक्की असतो, पावडर टाक आणि स्ट्रायकर मार. बोटातून सुटल्यावर त्याला कोण ढकलतंय? तोच स्ट्रायकर फरशीवर मार. लवकर का थांबला? पावडर अजून गुळगुळीत असती तर? अजून? तिथून पहिल्या नियमापर्यंत पोरं स्वतः चालत येतात, तुला फक्त वाटेत उभं राहायचंय.

असंच, एका वहीवर एक कोरा कागद ठेवून दोन्ही एकदम सोड (कागद वहीपेक्षा जरा लहान पाहिजे, कडेबाहेर आला तर हवा खालून शिरते). आधी वेगवेगळे सोडून दाखव, कागद तरंगत येतो. मग कागद वहीच्या वर ठेवून सोड, दोघं बरोबर पडतात. ज्यांना वाटतं वहीने हवा अडवली म्हणून, ते बरोबरच बोलतायत, त्यांना उचलून धर, कारण हवा हाच तर मुद्दा होता. मग सांग की १९७१ साली अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं आणि दोन्ही एकदम पडले, व्हिडिओ आहे, दाखव. लगेच कोणीतरी म्हणेल चंद्रावर गुरुत्वाकर्षण नाही ना मॅडम, मग पडले कसे? बस, तास झाला तुझा. अंतराळवीर तरंगतात म्हणून तिथे गुरुत्वाकर्षण नसतं हे त्याचंच भावंड. स्पेस स्टेशन साधारण ४०० किलोमीटरवर फिरतं, तिथे 'जी' म्हणजे गुरुत्व त्वरणाचं मूल्य काढायला लाव, ८.७ च्या आसपास येतं, म्हणजे जमिनीवरच्या ९.८ च्या नव्वद टक्क्यांच्या जवळपास. आकडा बघून तोंडं उघडी राहतात पोरांची.

आता दुसरी तयारी, आणि यात माझा जीव जास्त आहे. पुस्तकातली प्रत्येक "करून पहा" वर्गात जाण्याआधी स्वतःच्या हाताने कर. वाचून नाही, करून. कारण पुस्तकात प्रयोग नेहमी यशस्वी होतो आणि वर्गात होत नाही, आणि वर्गात फसलेला प्रयोग पोरांच्या जुन्या फिजिक्सला आणखी घट्ट करतो.

उदाहरण बघ. विद्युत. दोन सारखे बल्ब एकसरीत जोडले तर कोणता जास्त उजळेल असं विचारलं की पोरं म्हणतात पहिला, त्याने करंट वापरला मग दुसऱ्याला उरलेला. झकास प्रश्न आहे. तू टॉर्चचे दोन बल्ब दुकानातून आणतेस, वर्गात जोडतेस, आणि खरंच एक जास्त उजळतो, कारण दोन स्वस्त बल्ब कधीच अगदी सारखे नसतात, आणि सगळा वर्ग ओरडतो बघा मॅडम! म्हणून सात-आठ बल्ब आणायचे, घरी बसून जोड्या लावायच्या, सारखे उजळणारे दोन वेगळे काढून त्यांच्यावर मार्करने खूण करायची. आणि तरीही थोडा फरक दिसला तर बल्बांच्या जागा बदलून दाखवायच्या, जास्त उजळणारा दुसऱ्या जागी गेला तरी तोच जास्त उजळतो, म्हणजे दोष जागेचा नाही बल्बाचा. हा फसलेला प्रयोग मग चांगल्यापेक्षा जास्त शिकवून जातो, पण तुला आधी माहीत असेल तरच.

एलईडी घेऊन हा प्रयोग करू नकोस, एक सेल लावला तर पांढरा एलईडी पेटतच नाही, त्याला तीन व्होल्टच्या आसपास लागतात, आणि उलटा जोडला तर मुळीच नाही. ओहमच्या नियमाला बल्ब घेऊ नकोस, तार तापली की रोध बदलतो आणि आलेख वाकडा येतो, जुन्या इस्त्रीची किंवा शेगडीची नायक्रोमची तार घे, इलेक्ट्रिशियनकडे पडलेली असते, आणि रीडिंग घेतलं की लगेच कळ बंद, नाहीतर तीही तापते. ॲमीटर एकसरीत, व्होल्टमीटर समांतर, हे वर्गात शंभर वेळा सांगण्यापेक्षा पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून मीटरवर चिकटव, मीटर जळायचे वाचतात.

दहावीला ओरस्टेडचा प्रयोग येतो, १८२० सालचा, तारेतून धारा सोडली की शेजारची चुंबकसूची हलते. सोपा वाटतो, आणि वर्गात सूची ढिम्म हलत नाही. का? एक, तार सूचीला समांतर, म्हणजे उत्तर-दक्षिण धरायला हवी, आडवी धरलीस तर धारा वाहूनही सूची जागची हलत नाही असं होऊ शकतं. दोन, शाळेचे बाक लोखंडी असतात, सूची आधीच वेड्यासारखी भलतीकडे बघत असते, म्हणून लाकडी टेबल किंवा खाली जाड थर्मोकोल. तीन, धारा भरपूर लागते, त्यामुळे जाड तार आणि नवा सेल, आणि क्षणभरच टेकवायची, तार तापते आणि सेल मरतो. हे तिन्ही पुस्तकात एका ओळीत नसतं, आणि हेच खरं फिजिक्स आहे, प्रत्येक अटीमागचं कारण पोरांना विचार.

उष्णतेच्या धड्यात लोखंड, तांबं, शिसं यांचे सारख्या वस्तुमानाचे गोळे उकळत्या पाण्यात तापवून मेणाच्या जाड थरावर ठेवायचे असतात. सारख्या वस्तुमानाचे भरीव गोळे आणणार कुठून हा प्रश्न बाजूलाच, पण समज मिळाले, तर लोखंडाची विशिष्ट उष्माधारकता साधारण ०.११ (कॅलरी, दर ग्रॅमला दर अंशाला) आणि तांब्याची ०.०९ च्या आसपास, फरक इतका कमी की मेणात डोळ्याला नीट दिसेलच असं नाही. शिशाची ०.०३, तो मात्र उठून दिसतो. तेव्हा वर्गात लोखंड आणि शिसं एवढंच घेतलंस तरी चालेल, आणि तांब्याचं पुढे गणितातून. मुलांना "पुस्तकात दिलंय म्हणून तसंच दिसलं" असं लिहायला लावू नकोस, दिसलं ते लिहू दे.

भिंगं मला सगळ्यात आवडतात कारण खर्च जवळपास नाही. चष्म्याच्या दुकानात जा, अधिक पाच नंबरची न कापलेली काच माग, ते हसतील पण देतील. अधिक पाच म्हणजे नाभीय अंतर २० सेंटीमीटर. मेणबत्ती ६० वर ठेव, पडदा म्हणून पांढरा पुठ्ठा, ३० वर उलटी ज्योत मिळते, निम्म्या आकाराची. मग त्याच तासाला फळ्यावर गणित, १/व्ही = १/एफ + १/यू, यू म्हणजे वस्तूचं अंतर उणे ६०, एफ म्हणजे नाभीय अंतर अधिक २०, व्ही म्हणजे प्रतिमेचं अंतर आलं ३०, विशालन उणे अर्धा. आधी डोळ्याने बघितलंय त्यामुळे उणेचा अर्थ "उलटी" हा वेगळा समजावावा लागत नाही. चिन्हांची बहुतेक सगळी रड एकाच जागी असते, पोरं सूत्रातही चिन्ह बदलतात आणि किंमतीतही. एकच नियम लाव, सूत्राला हात लावायचा नाही, चिन्ह फक्त किंमत ठेवताना. आणि हो, पंखा बंद करायला विसरू नकोस, ज्योत हलते. मग पुठ्ठ्याने भिंगाचा वरचा अर्धा भाग झाक, पण झाकण्याआधी बोटं, अर्धी ज्योत दिसेल का पूर्ण? वर्गातली जवळजवळ सगळी बोटं चुकतात. पूर्ण दिसते, फक्त मंद.

त्या कपाटाचं. शाळा सुरू व्हायच्या आधी एक अख्खा दिवस काढ, शिपाईकाकांना बरोबर घे (त्यांना चहा पाज, पुढे वर्षभर कामाला येतील) आणि सगळं बाहेर काढ. हेडसरांकडून जडसंग्रह नोंदवही (डेड स्टॉक रजिस्टर) मागून घे आणि तुटलेलं फेकण्याआधी नोंद बघ, नाहीतर उद्या तुझ्या नावावर येईल. तारांची टोकं सँडपेपरने घास, निम्मे "न चालणारे" प्रयोग इथेच चालू होतात. पाऱ्याचे थर्मामीटर असतील तर मुलांच्या हातात देऊ नकोस, लाल द्रवाचे घे. पट्टीचुंबक सुटे पडले असतील तर जोडीने, विरुद्ध ध्रुव शेजारी, लोखंडाच्या तुकड्यांनी टोकं जोडून ठेव, नाहीतर मरतात. घरगुती विजेवर मुलांचा एकही प्रयोग नाही, सगळं सेलवर, यात तडजोड नको. आणि घर्षणाने विद्युतप्रभार वगैरे सातवी-आठवीचं कोणी तुझ्या गळ्यात मारलं तर ते जुलै-ऑगस्टमध्ये अजिबात काढू नकोस, पावसाळी हवेत फुगा केसांना घासून घासून केस जातील पण कागदाचे कपटे उचलणार नाही, थंडीत घे.

साठ पोरं आणि एक संच असेल तर? सहा-सहाचे दहा गट होत नाहीत एवढं सामान, मग स्वस्तात बनवायचं. अरविंद गुप्ता यांच्या वेबसाईटवर टाकाऊतून बनवलेली शेकडो विज्ञान खेळणी आहेत, मराठीतही बरंच आहे, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात ते कितीतरी वर्षं हेच करत होते. त्यातली सेल, दोन सेफ्टी पिना, चुंबक आणि इनॅमलच्या तारेची मोटर दहावीच्या चौथ्या धड्याला आण. एकच गुपित, गुंडाळीच्या एका टोकावरचं इनॅमल पूर्ण खरवडायचं आणि दुसऱ्याचं फक्त अर्ध्या बाजूचं, नाहीतर गुंडाळी डुलते, फिरत नाही. "अर्धंच का?" हा प्रश्न म्हणजे दुभंगलेल्या कड्यांचा अख्खा परिच्छेद. मुंबईकडे कधी गेलीस तर मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, त्यांचं साहित्य बघ.

पीपीटीबद्दल. इतकी मेहनत केलीयस म्हणून वाईट वाटेल, पण वर्गात दिवे बंद करून स्लाईड दाखवली की मागचे दोन बाक झोपतात, आणि लाईट गेली की तू रिकाम्या हाताने उभी. किरणाकृती फळ्यावर पट्टीने, दोन रंगांच्या खडूने, सावकाश काढ, पोरं तुझ्याबरोबर काढतात, तुझा हात बघून त्यांचा हात शिकतो. स्मार्ट टीव्ही असेल तर फेटची सिम्युलेशन्स घे, कोलोरॅडो विद्यापीठाची आहेत, फुकट, बरीच मराठीतही आहेत, आणि आधी डाउनलोड करून ठेवता येतात. पण ती प्रयोगानंतर, प्रयोगाऐवजी नाही. हातात तार धरून बल्ब पेटवण्याची मजा स्क्रीनवर कशी येणार.

आता एक कडू गोष्ट, जी बीएडला कोणी सांगत नाही. निम्मी पोरं फिजिक्सला अडत नाहीत, भागाकाराला अडतात. ९.८ ने भागायचं म्हटलं की पेन खाली. म्हणून नवीन कल्पना शिकवताना जी दहाच घे, कल्पना बसली की मग ९.८. ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करताना पाच छेद अठरा पाठ करायला लावण्याआधी एकदा ३६ किलोमीटर म्हणजे किती मीटर, तास म्हणजे किती सेकंद, असं हाताने करू दे. गणिताच्या सरांशी पहिल्याच आठवड्यात बोल, आलेख ते कधी घेणार, समरूप त्रिकोण कधी, जमलं तर पुढेमागे करून घ्या. अंतर-काळ आलेख शिकवायचा तर फळ्यावर काढून एका मुलाला म्हण "हा आलेख चालून दाखव". आडव्या रेषेला बहुतेकजण सरळ चालत सुटतात, बाकीचे ओरडतात "अरे थांब, थांबायचंय तिथे!" तेवढ्यात शिकवून झालं. शक्तीला जिन्यावर ने. ६० किलोचं माणूस ३ मीटरचा जिना ६ सेकंदांत चढलं तर ३०० वॉट, ७५ वॉटचे चार पंखे चालतील एवढे. वजन तुझं स्वतःचं सांग, पोरांना, खासकरून मुलींना, सगळ्यांसमोर वजन सांगायला लावू नकोस.

भाषेचं म्हणशील तर सेमीचा वर्ग असला तरी बोल मराठीतच, फळ्यावर संज्ञा दोन्हीकडच्या लिही. एवढंच.

पोर्शन. हे सगळं करत बसले तर डिसेंबर कसा गाठायचा, हे तू मनात म्हणतेयस. दहावीच्या विज्ञानाचा भाग एक उघड, दहा धडे आहेत, त्यात गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, अपवर्तन, भिंगे, अवकाश मोहिमा हे तुझे, आणि आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया, धातुविज्ञान, कार्बनी संयुगे हे चार केमिस्ट्रीचे. आणि भाग दोनमध्ये जीवशास्त्र! एमएस्सी फिजिक्सवाले नवे शिक्षक नेमके इथे आपटतात, फिजिक्सची तयारी फुल आणि कार्बनी संयुगांच्या आदल्या रात्री धावपळ. जून-जुलैत रोजचा अर्धा तास त्या चार धड्यांना दे, फिजिक्सला नको. आणि प्रत्येक धड्याला बोटांचे प्रश्न दोन-तीनच घे, जिथे जुनं फिजिक्स घट्ट बसलंय तिथे. अवकाश मोहिमांना मुलांचा उत्साहच पुरतो, तिथे वेळ वाचव आणि तो न्यूटनला नाहीतर भिंगांना दे. बोर्डाचा पेपर दोन्ही भागांचा चाळीस-चाळीसचा, त्याचा सराव जानेवारीत होतोच, जुलैपासून "हे परीक्षेला येतं" ची टकळी लावू नकोस.

उत्तर न येण्याची भीती. येणारच आहे असा प्रश्न, कोणीतरी विचारणार की प्रकाशाला वस्तुमान नाही तर कृष्णविवर त्याला ओढतं कसं. "मला आत्ता नीट सांगता येणार नाही, गुरुवारी सांगते" म्हण, फळ्याच्या कोपऱ्यात प्रश्न आणि विचारणाऱ्याचं नाव लिही, आणि गुरुवारी खरंच सांग. गुरुवारी सांगितलं नाहीस तर मात्र पोरं परत विचारत नाहीत. कधीच. काहीतरी थापून वेळ मारून नेणं तर करूच नकोस, एखाद्याकडे घरी मोबाईल असतो आणि तो संध्याकाळी शोधतो.

टाचण काढावंच लागेल, सरकारी नमुन्यात काढ, सही घे, विषय संपला. त्याशिवाय एक तुझी स्वतःची साधी वही ठेव आणि तास संपला की स्टाफरूममध्ये जाऊन तीन-चार ओळी लिही, कुठल्या प्रश्नाला किती बोटं कुठे गेली, कोण काय बोललं, कोणता बल्ब फसला. मुलांचे शब्द जसेच्या तसे. पुढच्या वर्षी याच वहीतून तुला चुकीचे पर्याय आयते मिळतात. आणि जमेल तेव्हा शाळेतल्या एखाद्या जुन्या शिक्षकांच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बस, विषय कुठलाही असो, मराठीचा का असेना. साठ पोरांना आवाज न चढवता गप्प कसं करतात ते पुस्तकात नाही मिळत.

राहिलं नववी का दहावी. नववी घे, बिनधास्त. दहावीला मान आहे, पालक ओळखतात, पण दहावीचं वर्ष एप्रिल-मेच्या जादा तासांपासून पळत असतं आणि पहिल्याच वर्षी तुला प्रयोग फसवायला, थांबायला, मागे जायला जागा मिळणार नाही. नववीत गतीचे नियम, कार्य-ऊर्जा, धाराविद्युत, आरसे, ध्वनी, सगळा पाया आहे आणि बोर्ड नाही. हेडसरांना सांगताना "मला दहावी जमणार नाही" असं म्हणू नकोस, म्हण "सर, ही नववीची तुकडी मला द्या आणि पुढच्या वर्षी हीच तुकडी दहावीला माझ्याकडेच ठेवा". तोंडी हो म्हणाले तर वेळापत्रक लागेल तेव्हा परत आठवण कर, जूनच्या गडबडीत विसरतात.